भरणाऱ्याने भरावं, घेणाऱ्याने मोजावं

धक्क्यावर त्याला सगळे हवावाला म्हणत. समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या श्वासाच्या टाक्या भरून द्यायचा त्याचा धंदा. पत्र्याची खोली, कोपऱ्यात धडधडणारा कॉम्प्रेसर, भरताना टाक्या तापू नयेत म्हणून पाण्याचा हौद. आधी ऑक्सिजन सोडायचा, वरून हवा चढवायची; काटा बघून हात आपोआप थांबायचा. ऑक्सिजन मोजायचं यंत्र होतं, पण फडताळात, धूळ खात. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

त्याची धाकटी बहीण पाणबुडी. बुडालेलं जुनं मालवाहू जहाज बघायला आलेल्यांना खाली घेऊन जायची. यंदा ती गॅसचं पुढचं प्रशिक्षण घेऊन आली आणि एका टाकीच्या दोन झाल्या. पाठीवरची तळासाठी, ऑक्सिजन कमी. कुशीतली वर येतानासाठी, ऑक्सिजन निम्मा, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन लवकर निघतो. पण तीच कुशीतली तळाशी ओढली, तर ऑक्सिजनच विष होतो. फिट येते, तोंडातली नळी सुटते, खेळ खलास. अति तिथे माती, ती ही अशी.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी तिने चार गिऱ्हाइकांदेखत फडताळातलं यंत्र काढलं, पुसलं आणि दादाने भरलेल्या टाक्या मोजल्या. आकडे बरोबर आले. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"सख्ख्या भावावर भरवसा नाही?"

"तू चुकतोस म्हणून नाही रे दादा. ज्याने श्वास घ्यायचा त्यानेच मोजायचं, असा नियम आहे."

"नियम शिकून आली. उद्या आईच्या हातचं पाणीही मोजशील."

तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं. ती रोज मोजायची, आकडा रोज बरोबर यायचा, आणि बरोबर आला की हा जास्तच फुगायचा. घरी बायकोने एकदा ऐकवलं, "मी केलेली भाजी तुम्ही रोज चाखल्याशिवाय ताटात घेत नाही. मी कधी रुसले का?" तो म्हणाला, "भाजीची गोष्ट वेगळी."

एका सकाळी तो धाकटीच्या दोन्ही टाक्या भरत होता. मधेच सुटे भाग देणाऱ्याचा फोन आला. रबरी कड्या मागवल्या तशा का आल्या नाहीत, यावर हुज्जत झाली. फोन ठेवून त्याने उरलेलं काम उरकलं, टाक्यांवर पट्ट्या चिकटवल्या, त्यांवर ऑक्सिजनचे आकडे लिहिले.

धाकटी आली. यंत्राकडे तिने पाहिलंच नाही. टाकी उचलली, नळी जोडायला घेतली.

"आज मोजत नाहीस?" त्याच्या तोंडून गेलं.

"नको. घरात धुसफूस नको. तू भरलंयस ना, मग झालं."

हेच तर त्याला हवं होतं. पण फुशारकी मारायच्या ऐवजी तो दोन्ही टाक्यांकडे आळीपाळीने बघू लागला. फोन आला तेव्हा नळी कुठल्या टाकीला होती? या की त्या? दोन्ही टाक्या सारख्याच दिसत होत्या. इतकी वर्षं आपोआप थांबणारा हात आज काही सांगेना.

"ठेव ती खाली," तो म्हणाला. "मोज आधी."

"अरे, लोक थांबलेत."

"थांबू देत. मोज म्हणतो ना."

तिने यंत्र लावलं. पाठीवरची अठ्ठावीस टक्के. कुशीतली पन्नास. पट्टीवर होतं तेच.

"बघ, बरोबर आहे," ती हसली. "उगाच घाबरवलंस."

तो हौदाच्या कठड्यावर बसला. बरोबर होतं खरं, पण त्यात आपला हात किती आणि नशीब किती, हे त्याला कळेना. आजवरचे किती आकडे असेच बरोबर आले असतील?

"तुला गॅसचं शिकवणारे ते मास्तर," तो म्हणाला, "नुसत्या टाक्या भरणाऱ्यांनाही शिकवतात का?"

"शिकवतात की. पण तिथे तुझी भाजी रोज दुसरा कोणीतरी चाखणार. चालेल?"

"वहिनीने सांगितलं वाटतं."

"सगळ्या धक्क्याला सांगितलंय."

त्याने पेन काढून तिच्या हातात दिलं. "आकडे मी लिहिलेत. खाली सही तुझी कर. आणि उद्या माझं फुगलेलं तोंड बघून मोजायचं सोडून देऊ नकोस."