हिराची पट्टी मी चढवली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे रोज अर्धा तास बसते, पण त्याच्याशीही मी फक्त गुडघ्यांबद्दल बोलते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही उद्या सकाळी मला लिफ्टमध्ये भेटणार नाही.

आधी मूर्खपणा सांगते. तो सोपा आहे, हसण्यासारखा आहे. आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमध्ये हिरा नावाची कोळीण मासे घेऊन यायची. तिला आमच्या महिला भजनी मंडळात मीच आणलं. मी! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. मला काय हवं होतं, ठाऊक आहे? चार बायकांनी म्हणावं, "बाई, कुंदाताईंना काय पारख आहे!" बस, एवढंच. तेवढ्यासाठी मी स्वतःच्या पायांनी जाऊन स्वतःची सवत घेऊन आले.

त्या वेळची मी कशी होते ते जरा डोळ्यांपुढे आणा. चाळिशी उलटलेली. बेलापूरच्या सरकारी कार्यालयात क्लार्क. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, आणि नाक — नाक सगळ्यात पुढे, बाकीची कुंदा त्याच्या मागून चालत यायची. मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसे. पेटी माझी, वडिलांनी लग्नात दिलेली. वाजवायला शिकवलं तेही त्यांनीच. भजन मी निवडणार, सूर मी देणार, पहिली ओळ मी गाणार. बाकीच्या सातजणी माझ्या मागून. माझा आवाज — आता या वयात खरं बोलायला हरकत नाही — नीट घडी घातलेल्या चादरीसारखा होता. कुठे सुरकुती नाही. आणि कुणाला उलगडून पांघरावीशीही वाटायची नाही.

हिरा दारात पाट मांडून बांगडे साफ करायची आणि करता करता गुणगुणायची. तिची मावशी धवलारीण होती, म्हणजे त्यांच्या लग्नांत हळदीपासून गाणी म्हणणारी मानाची बाई. तिच्या मागे बसून बसून हिरा शिकलेली. एकदा ती अशीच गात होती आणि माझ्या सासूबाई आतून उठून बाहेर आल्या. ज्या सासूबाई कोळणीशी भावावरून वाद घातल्याशिवाय जेवत नसत, त्या दाराच्या चौकटीला टेकून गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कुंदा, तिला चहा दे." मी दिला. कपाटातल्या पाहुण्यांच्या कपातून द्यायला लावला त्यांनी! माझं गाणं ऐकताना त्याच सासूबाई वाती वळायच्या.

तिथेच मला कळायला हवं होतं की नाही? पण मला पारख मिरवायची होती ना!

हिरा गुरुवारी यायला लागली. हाताचा वास जावा म्हणून लिंबाची फोड चोळून यायची, आणि तरी सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसायची. महिन्याभरात बायकांनी तिला ओढून पुढे बसवलं. पहिली ओळ ती गाऊ लागली. माझा नवरा, जो माझ्या रियाजाच्या वेळी बातम्यांचा आवाज वाढवायचा, तो गुरुवारी मला आणायला यायला लागला. तीन मजले वर घरी यायला मला सोबत कशाला हवी होती? येऊन दाराशी उभा राहायचा. घरी जाताना म्हणायचा, "आज काय गायली ती!" मी म्हणायची, "हो ना, छान." आणि दुसऱ्या दिवशी हिराकडून मासे न घेता बाजारातून दुसरीकडून आणायची. घरी सांगायची, हिराचे बोंबील हल्ली ताजे नसतात. बोंबलांवर राग! पण आधी सांगितलंच, मी कशी होते ते.

आवाजाचाच हेवा होता का? मला तसं म्हणायला आवडेल. आवाज देवाची देणगी, त्याचा हेवा जरा उच्च दर्जाचा वाटतो. पण नाही. मला खुपायचं ते वेगळंच.

मुलगी दोन वर्षांची असताना एका नाटक मंडळीने मला पेटीच्या साथीला बोलावलं होतं. शनिवार-रविवारचे दौरे. मी नाही म्हणाले. नोकरी, मूल, सासूबाईंचा दमा. "घरासाठी कला सोडली हो मी" — हे वाक्य मी हळदीकुंकवात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे ऐकवलेलं आहे. आणि ही बाई! पहाटे बंदरावर जाणार, दुपारपर्यंत डोक्यावर पाटी, मग स्वयंपाक, दोन पोरं, म्हातारी सासू, आणि तरी गाते? मला वॉशिंग मशीन होतं, महिन्याचा पगार होता, आणि वेळ नव्हता. तिला कुठून मिळायचा? मी एकदा विचारलंही. ती हसली. "वेल कशाला लागते ताय? हात कामाला, तोंड रिकामाच असते ना!"

ते ऐकून मी पण हसले. आणि रात्रभर जळले. कारण तिला जमत होतं म्हणजे मलाही जमलं असतं. घराने मला कधी अडवलंच नव्हतं हो. सासूबाई तर म्हणाल्या होत्या, जा, मी बघते पोरीला. मला भीती वाटली होती की त्या मंडळीत माझ्याहून चांगलं वाजवणारे असतील. घराचं नाव मी पुढे केलं. आणि ते खोटं दर गुरुवारी हिरा न बोलता उघडं पाडायची.

आता मुख्य गोष्टीकडे येते. किती फिरवून आणलं तुम्हाला, नाही?

लोकगीतांचे कार्यक्रम करणारे एक गृहस्थ होते. आमच्या मंडळातल्या शुभदाने त्यांना हिराबद्दल सांगितलं. त्यांना गाणारी बाई हवीच होती, आठवड्याला दोन-दोन कार्यक्रम, मानधनही. वाशीला भजनस्पर्धा होती, तिथे येऊन ऐकतो म्हणाले. हिराचा नवरा एपीएमसी मार्केटात टेम्पो चालवायचा. तो तिला म्हणाला होता, त्यांनी घेतलं तर जा, शनिवार-रविवार वहिनी बसेल धंद्याला. नाही घेतलं तर हे गुरुवारचं नाटकही बंद. हे तिने मलाच सांगितलं. कुणाला सांगणार दुसऱ्या? माझा हात धरून सांगितलं.

आता पेटीचं थोडं समजावते. कुठल्या पट्टीला 'सा' धरायचा यावर सगळं गाणं उभं राहतं. सा वर सरकवला की सगळं गाणं वर सरकतं. हिराची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीतली चौथी काळी. हे मला माहीत होतं, तिला नाही. "मला त्या काल्या-पांढऱ्यातला काय समजते? तू सूर दे, मी उचलते," म्हणायची. जिथे सूर देईन तिथून ती गायची. डोळे मिटून.

कधी ठरवलं मी? स्पर्धेच्या गोंधळात अचानक बोट सरकलं, असं सांगता आलं असतं तर! नाही. आदल्या दिवशी पोळ्या लाटताना ठरवलं. एक घर वर सरकवलं तर ती निभावून नेईल, हेही लाटतानाच लक्षात आलं. म्हणून दोन घरं. काळी चार सोडून, मधली पांढरी ओलांडून, थेट काळी पाच. एवढा हिशेबी विचार मी ऑफिसच्या फायलींत कधी केला असता तर हेडक्लार्क होऊन रिटायर झाले असते.

रविवार म्हणजे माशांच्या धंद्याचा मोठा दिवस. हिरा सकाळपासून गिऱ्हाइकांना हाका मारून थेट हॉलवर आली. बाथरूममध्ये साडी बदलली. आवाज जरा बसलेलाच होता. काळी चारमध्ये तो चालून गेला असता, मी तिला ओळखत होते. ती आत पिना लावत असताना बाहेरून बोलावलेल्या तबलजीने मला विचारलं, "ताई, पट्टी?"

"काळी पाच," मी म्हणाले.

तो हातोडीने तबला चढवायला लागला. मी पाहत बसले. तेव्हाही बदलता आलं असतं. तबला चढायला वेळ लागतो, चांगला लागतो. मी त्या वेळात पदर नीट केला.

गौळण होती. पहिल्या ओळीला हिराने एकदा माझ्याकडे पाहिलं. बस, एकदाच. मी मान डोलावली — चालू दे, छान आहे. ती गात राहिली. दुसऱ्या रांगेत ते गृहस्थ पुढे झुकून ऐकायला लागले होते, म्हणजे बघा, तरीही ती केवढी गात असेल! मग अंतरा आला. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा घेतला. मी तो सूर पेटीवर तिला ठळकपणे दाखवला — मदत करते आहे असं दिसावं म्हणून. पुन्हा फाटला, आणि या वेळी पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं. हिरा थांबली. पदर तोंडाला लावून बसून राहिली. तबला थोडा वेळ एकटाच चालला.

आणि मग ती ओळ मी गायले. काळी पाचमध्ये. पोचले मी. पोचणारच होते, कारण शनिवारी दुपारी बेडरूमचं दार लावून मी तीच ओळ त्याच पट्टीत घोकली होती.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. उतरताना शुभदा म्हणाली, "आज पेटी चढी वाटली का ग?" मी म्हणाले, "अगं, स्पीकरमुळे तसं वाटतं." स्पीकरमुळे! शुभदाने मानही डोलावली. ते गृहस्थ जाताना मला म्हणाले, आवाज आहे बाईंना, पण स्टेजवर भरवसा नाही. मी यावर काय बोलले? "सवय नाही हो त्यांना," म्हणाले. सहानुभूतीने म्हणाले. हिराचा नवरा मागे दाराशी उभा होता. तो तिला एकच शब्द बोलला, "चल."

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मंडळ परत माझं झालं. पहिली ओळ माझी, सूर माझा. मग वर्षभरात बायका हळूहळू यायच्या थांबल्या — कुणाची सून बाळंत, कुणाचे पाय दुखतात. नवरा मला आणायला यायचा थांबला. पेटी माळ्यावर गेली. परवा नात विचारत होती, "आज्जी, तू पेटी का सोडलीस?" तिच्या आईच्या मोबाइलवर तिने कुठलातरी पियानो घेतला आहे, टिंग टिंग करते. मी म्हणाले, बोटं दुखतात ग. तिने माझी बोटं धरून फुंकर घातली. मी घालू दिली.

हिरा अजून आहे. बाजारातला धंदा आता सून बघते, ती बाजूला स्टुलावर बसते. मी तिथूनच मासे घेते. माझ्याकडे सुटे पैसे नसले तर ती राहू दे म्हणते. मी तिला सांगितलेलं नाही. वीस वर्षांहून जास्त झाली, रोज सकाळी पिशवी घेऊन तिच्यासमोर उभी राहते आणि सांगत नाही. मासे साफ करताना ती गात नाही. स्पर्धेच्या आधी गायची, नंतर नाही. तेवढं एक मी नेमकं सांगू शकते, कारण तेव्हापासून रोज कान देऊन उभी असते.

स्पर्धेनंतर तिसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन आमच्या दारात आली होती. मला वाटलं, कळलं हिला. मी तोंडावर हसू आणून म्हणाले, "हिरा, उद्या गुरुवार आहे, ये हं." ती खाली बसली, कोयता काढला, बांगड्याचं डोकं उडवलं. मग वर न बघता जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते:

"ताय, तू नको मनाला लावून घेऊ. तुजी पेटी बराबर होती. आमचा गाना मांडवातला. मीच येडी, तुमच्यात बसाला आले."