नानांनी शोधलेली तारीख

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याच्या ऑफिसात मार्चअखेरच्या गडबडीत होते. त्यांच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला. "झोपेतच गेले गं..." एवढंच बोलली. महिना उलटला, पण नाना आठवले की रडू येण्याआधी जळगावची डाळमिल डोळ्यांपुढे येते.

ऐंशीच्या दशकात त्या मिलमध्ये मी नानांच्या हाताखाली लागले. ते हेड अकाउंटंट, माणसं जेमतेम चाळीस. मालक कांतीशेठ मनाने वाईट नव्हते. कुणी निवृत्त झालं की ग्रॅच्युइटी गल्ल्यातून काढून द्यायची, तोवर तिचं नाव काढायचं नाही, अशी त्यांची रीत. नानांना ते पटेना.

"शेठ, माणूस यंदा राबला, म्हणजे त्याचं देणं यंदाच चढलं. ते यंदाच्या ताळेबंदात दिसायला हवं."

"अहो, पण द्यायचंय दहा वर्षांनी!"

"तेव्हा मिल चालू असेल, याची हमी देता?"

शेठनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "बरं, आकडा तर काढा."

हिशोब सोपा होता, नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. पण वर्षं किती, तिथंच घोडं अडलं. डाळ निवडणाऱ्या बायांची नावं हजेरीपटावर फार उशिरा चढली होती. पटावरची तारीख धरली, तर त्यांची निम्मी नोकरी बुडणार! नाना थेट चाळणीपाशी गेले आणि तिथं डाळ निवडणाऱ्या सीताबाईंना विचारलं, कधीपासून आहात?

"माले तारीख काय ठावं, नाना? धाकली पोटमा व्हती तव्हय कामले लागनू."

नानांचे डोळे असे चमकले, की मी विसरणं शक्य नाही. "धाकलीची शाळा कोणती?"

शनिवारी सकाळी आम्ही एसटीने त्यांच्या गावी. हेडमास्तरांनी दाखल्यांचं रजिस्टर काढलं. नानांचं बोट एकेका ओळीवरून सरकत होतं... बोट थांबलं. "सापडली!" नाना इतक्या जोरात ओरडले, की हेडमास्तर दचकले. मिलच्या पटावर सीताबाईंचं नाव चढण्याच्या नऊ वर्षं आधी धाकलीचा जन्म! पुढचे दोन महिने आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं. कुणाची तारीख लग्नपत्रिकेवरून मिळाली, कुणाची घरातल्या जुन्या पगाराच्या पाकिटावरून.

मग आम्ही आकडा शेठपुढे ठेवला. वर्षाचा नफा जवळजवळ पुसला जात होता.

"बँक काय म्हणेल, नाना?"

"बँकेला खरं कळेल. तुम्हालाही."

शेठनी सगळा आकडा खालून वर पुन्हा तपासला... आणि सही केली! मागची थकबाकी पाच हप्त्यांत, पुढची दर वर्षीची रक्कम विमा कंपनीकडच्या वेगळ्या फंडात.

काही वर्षांनी मिल खरंच बंद पडली. फाटकावर कुणाला धरणं धरावं लागलं नाही. फंडातून सगळ्यांना चेक मिळाले. सीताबाई चेक उलटसुलट करून बघत राहिल्या. "नाना, हाई बठ्ठं मनंच शे?"

"तुमचंच, सीताबाई. धाकलीनं साक्ष दिली!" म्हणाले, आणि चष्मा पुसायला तोंड फिरवलं.

परवा नानांच्या घरी गेले. वैशालीने त्यांच्या टेबलाचा खण उघडला. आत पोस्टाचं एक पासबुक होतं, घरी धुणीभांडी करणाऱ्या सुमनबाईंच्या नावाचं. कायद्याने त्यांना ग्रॅच्युइटी लागू नव्हती. तरी दर दिवाळीला पंधरा दिवसांचा पगार त्यात भरलेला, पंधरा वर्षं न चुकता. वैशालीने ते सुमनबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं, पदराला बांधलं... आणि नेहमीसारखं नानांचं टेबल पुसायला घेतलं.