वरच्या वस्तीचं मतदान केंद्र

वरच्या वस्तीतल्या लोकांनी तीस वर्षं मत दिलं ते टेलरमास्तरांच्या घरी. दुसरं होतंच काय तिथे? शाळा खाली, कचेरी खाली, सगळं खालच्या रस्त्याला. वर दहा-बारा माणसं एका छपराखाली उभी राहतील अशी जागा एकच, ती म्हणजे मास्तरांची पुढची खोली. लांबलचक, तीन खिडक्यांची, आणि मध्ये कापड बेतायचं टेबल एवढं मोठं, की त्यावर अख्खा माणूस ताणून देईल. निवडणूक आली की ते टेबल भिंतीला सरकायचं, त्यावर मतपेटी बसायची. एरवी ज्या पडद्याआड लोक पँटची ट्रायल घ्यायचे, त्याच पडद्याआड जाऊन शिक्का मारायचे. "मास्तर, कमरेत घट्ट होतंय!" असं एकदा कोणीतरी पडद्याआडून ओरडलं होतं. मतदान अधिकारीसुद्धा पोट धरून हसले होते.

मास्तरांना राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते आपले दिवसभर दारात उभे, गळ्यात टेप. आलेल्या माणसाच्या तोंडाकडे नंतर, आधी अंगाकडे बघायचे. कोण दोन बोटं सुटलाय, कोणाचे खांदे उतरलेत, कोणाच्या मुलीला आता लांब बाह्या लागतील, हे त्यांना एका नजरेत कळायचं. "काय हो, मागच्या निवडणुकीला छाती अडतीस होती, ती सगळी पोटात उतरली की!" असं म्हणून ते पाठीवर थाप मारायचे. आत बायको चहावर चहा टाकत असायची आणि तोंडाने कुरकुरत असायची. पण तिची कुरकुर ही आनंदाची कुरकुर होती, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं.

ती बायको दोन वर्षांपूर्वी गेली. त्याआधीच तयार कपड्यांच्या दुकानांनी मास्तरांचा धंदा बसवला होता. राहिलं काय, तर कधी कोणाची चेन बदल, कधी कोणाची पँट आखूड कर. मुलगा दूर, मोठ्या शहरात. रविवारी फोन करायचा, "बरे आहात ना?" विचारायचा, आणि मास्तर "बरा आहे" म्हणाले की दोघांकडचे शब्द संपायचे. कधी कधी संध्याकाळी मास्तरांच्या लक्षात यायचं, की सकाळपासून आपण आपला आवाजच ऐकलेला नाही. मग ते मुद्दाम खाकरून बघायचे.

आता कोणी म्हणेल, एवढं एकटं वाटत होतं तर जावं की शेजारी, बसावं घटकाभर. छे! मास्तर आणि कोणाच्या दारात जाणार? आयुष्यभर लोक त्यांच्याकडे आलेले. आपण कोणाकडे जाऊन बसलो तर लोक म्हणतील, म्हातारा चहाला टपलेला असतो. ह्या एका वाक्याच्या भीतीने माणूस दोन वर्षं घरात बसून होता. आणि ते वाक्य कोणीही म्हटलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी मनाशी धरून ठेवली होती. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती. त्या दिवशी तरी सगळी वस्ती घरी येईल.

मतदानाच्या तीन आठवडे आधी निवडणूक कचेरीतला चष्मेवाला कारकून चढ चढून धापा टाकत आला. खुर्चीत बसून म्हणाला, "मास्तर, तुमची सुटका झाली! खाली नवं सभागृह झालंय. आता मतदान तिकडे. तुम्हाला आता टेबल ओढायला नको, काही नको."

"हो का? बरं झालं," मास्तर म्हणाले. मनाशी धरलेला दिवस हातचा गेला होता, पण म्हणाले मात्र "बरं झालं".

कारकुनाने पिशवीतून एक छापील कागद काढला. ह्या केंद्राऐवजी सभागृहात मतदान होईल, वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. "हा दारावर चिकटवा. बाहेरच्या बाजूने, चटकन दिसेल असा. लोक सवयीने इकडे चढून यायचे उगाच."

कारकून गेल्यावर मास्तरांनी पिठाची खळ केली. कागद घेऊन दारापर्यंत गेले, आणि तिथे त्यांचं घोडं अडलं. कागद बाहेर लावला, की लोक उंबऱ्यावरूनच वाचणार आणि वळणार. आत लावला तर? वाचायला माणूस आत येईल. आत आला की बसेल. बसला की दोन शब्द बोलेल. मग आपणच सांगू, बाबा रे, खाली जा. कोणाचं काय बिघडलं? बाहेर वाऱ्याने कागद फाटतो, असंही त्यांनी स्वतःला बजावलं. आणि तो कागद त्यांनी खोलीच्या आत, खिडकीशेजारच्या भिंतीवर नीट, सुरकुती न पडू देता चिकटवला.

मतदानाच्या दिवशी सहाला उठून त्यांनी खोली झाडली. टेबल एकट्याने ओढून भिंतीला लावलं. गरज नव्हती, तरी लावलं. होत्या तेवढ्या खुर्च्या मांडल्या, कप धुऊन पालथे घातले आणि दाढी करून दारात उभे राहिले.

आठ वाजले, नऊ वाजले, कोणी फिरकलं नाही. खालच्या पायवाटेवरून मात्र माणसं दोघं-तिघं मिळून उतरताना दिसत होती. सगळ्यांच्या मोबाइलवर केव्हाच निरोप आला होता. मास्तरांचा कागद दाराच्या आत आहे की बाहेर, ह्याने कोणाला काही फरक पडणार नव्हता.

दहाच्या सुमारास चक्कीवाल्याने वाटेवरूनच हात केला. "मास्तर, येताय ना? चला, बरोबर जाऊ!"

झालं असतं ना सगळं सोपं! पण मास्तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." चक्कीवाला पुढे झाला. मास्तर आत येऊन खुर्चीवर बसले. मग दुसऱ्या खुर्चीवर बसून बघितलं. एवढ्या खुर्च्या आणि बसणारा एकच, तेव्हा मनात भलतंसलतं यायला लागलं, म्हणून उठून मशीनला तेल घातलं.

अडीच वाजता दारात काठी वाजली.

दूधवाली काकू होती. वस्तीच्या पार टोकाला, ओढ्यापलीकडे राहायची. पूर्वी चार गायी होत्या, दारोदार दूध घालायची. आता गायी नव्हत्या, नवरा नव्हता, आणि डोळ्यांनी माणूस दिसायचा पण अक्षर दिसायचं नाही. फोन तिने कधी ठेवलाच नव्हता. जिथे तीस वर्षं मत दिलं, तिथे ती आली होती.

"हुश्श! चढ वाढलाय की वय, कळत नाही," ती म्हणाली. "मास्तर, आज गर्दी कशी नाही?"

"या काकू, या! बसा आधी."

"बसते. पण साहेब लोक कुठे आहेत? पेटी कुठे आहे?"

आता सांगायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. शब्द ओठांवर होते. पण काकू खुर्चीत टेकली होती, तिने काठी टेबलाला लावली होती, आणि सकाळपासून त्या खोलीत हे पहिलं माणूस होतं. मास्तर म्हणाले, "जेवायला गेलेत. येतीलच."

"पेटी घेऊन जेवायला?"

"नियम आहे तसा."

"नियम असेल तर असेल बाई," काकू म्हणाली. नियमापुढे ती कधी बोलत नसे.

चहा झाला. काय सांगू, कसा झाला चहा! मास्तरांना वाटलं, दोन वर्षांत असा चहा पोटात गेला नाही. काकूने त्यांच्या बायकोची आठवण काढली. दुधात पाणी घातलं म्हणून ती काकूशी एकदा कशी कडाकडा भांडली होती, आणि पाणी खरंच घातलेलं होतं, हे काकूने आज कबूल केलं. दोघं हसली. घड्याळात सव्वातीन झाले होते. आता सांगू या, मास्तरांनी ठरवलं. काकूला उतरायला तास लागेल, वेळ आहे.

तेवढ्यात त्यांची नजर काकूने लुगड्यावर चढवलेल्या जुन्या कोटावर गेली. खांद्याशी बाही उसवली होती. "काढा तो कोट. पाच मिनिटांचं काम आहे."

आणि खरंच ते पाच मिनिटांचंच काम होतं. उसवलेलं होतं चार बोटं. मास्तरांनी कोट मशीनवर घेतला, पाठ काकूकडे केली, आणि कात्रीच्या टोकाने शेजारची धडधाकट शिवण उसवायला सुरुवात केली. एक टाका, दोन टाके, मग पार काखेपर्यंत. पन्नास वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाने कधी चांगली शिवण उसवली नव्हती. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं, लाजही वाटत होती, आणि हात थांबत नव्हता. उसवलं तेवढं पुन्हा शिवलं, हळूहळू, पायाने मशीन जेमतेम हलवत. काकू मागून बोलत होती आणि मास्तर "हं", "मग?", "काय सांगता!" करत होते.

"ह्या खेपेला मात्र मी ठरवून आलेय बघा," काकू म्हणाली. "इतकी वर्षं नवरा सांगेल तिथे शिक्का मारला. कोण उभं आहे, कोण बसलंय, मला घेणंदेणं नव्हतं. पण आता नर्सबाई उभी आहे ना."

"हो का?"

"दारावर आली होती माझ्या. म्हणाली, निवडून आले तर वरचा तो बंद पडलेला एवढासा दवाखाना आठवड्यातून दोन दिवस उघडीन. तुम्हाला माहितीये ना, ह्यांना खाटेवर घालून खाली नेत होतो. दवाखान्यावरूनच गेलो, मास्तर. त्याला कुलूप. त्या कुलपापाशी ह्यांनी मान टाकली." काकूने पदराने नाक पुसलं. "मरायच्या आधी एकदा तरी स्वतःच्या मनाने शिक्का मारायचाय. कोणाला कुलपापाशी मरायला लागू नये म्हणून. म्हणून आले हो. नाहीतर ह्या गुडघ्यांनी कोण चढतंय?"

मशीन थांबलं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काकू," ते उठून उभे राहिले. "काकू, इथे मतदान नाही. खाली आहे, सभागृहात. मला माहीत होतं. चला, उठा, पाचपर्यंत आहे."

काकूने मशीनवरचा कोट ओढून अंगात घातला आणि काठी उचलली.

ती उतरण मास्तर कधी विसरणार नाहीत. पुढे हात धरायला जावं तर काकूचा पाय घसरायचा, मागे राहावं तर जीव थाऱ्यावर नसायचा. वाटेत गाडी मिळेल म्हणून ते दोनदा पुढे धावत गेले आणि दोनदा हात हलवत परत आले. काकू एका दगडावर बसली, छातीवर हात ठेवून श्वास घेतला आणि म्हणाली, "बोलू नका, चालू द्या." मग पुन्हा उठली. सत्तरी ओलांडलेली बाई त्या दिवशी कशी चालली, तिचं तिलाच माहीत.

सभागृहाशी पोचले तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. फाटक बंद. आत चष्मेवाला कारकून मतपेटीवर लाख ओतत होता. मास्तरांनी गजांमधून हाका मारल्या, हात जोडले, एकच मत आहे हो, म्हातारी माणूस आहे, असं काय काय म्हणाले. कारकून बाहेर आला. माणूस वाईट नव्हता, पण लाख ओतून झाली होती.

"आजी, तुम्ही आधी वर गेलात वाटतं?" त्याने विचारलं, आणि मास्तरांकडे बघितलं. "मास्तर, दारावर कागद लावला होता ना?"

मास्तरांच्या आधी काकूच बोलली.

"लावला होता हो. मलाच अक्षर दिसत नाही, त्याला मास्तर काय करणार?"

"अरेरे," कारकून म्हणाला. त्याने हातातली यादी चाळली. "मास्तर, तुमचंही राहिलंच की मत." आणि तो आत गेला.

मास्तर तिथेच फाटकाला धरून उभे राहिले. काकू सभागृहाच्या कठड्यावर बसली होती, दोन्ही हात काठीवर. रडत नव्हती. रडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. मग ती बोलली, आणि आवाज अगदी रोजचा होता, दुधाचं माप विचारावं तसा.

"भिंतीवर कागद आहे, एवढं मला दिसलं होतं, मास्तर. तुमच्या कामाचा असेल, म्हटलं. घरात कोणी मतदानाचा कागद लावतं का?"

मास्तरांनी फाटकाचा गज सोडला.

"मला बसवून ठेवायचं होतं ना? मग तसं म्हणायचं होतं. काकू, करमत नाही, येत जा. मी आले असते हो. मला तरी घरी कोण आहे? दोन वर्षांत एकदा हाक मारली असतीत, तरी काठी टेकत आले असते. रोज आले असते. आजचा एकच दिवस असा होता, की मला दुसरीकडे जायचं होतं."

ती उठली. मास्तरांनी हात पुढे केला.

"नको," काकू म्हणाली. "चढ मला एकटीला जमतो."

आणि ती निघाली, चार पावलं टाकून थांबत, पुन्हा चार पावलं टाकत. "काकू, थांबा, मीही येतो," एवढंच म्हणायचं होतं. वाटही एकच होती दोघांची. ती वळणाआड जाईपर्यंत मास्तर ते शब्द तोंडात धरून उभे राहिले, आणि ती दिसेनाशी झाल्यावर मोठ्याने म्हणाले.