आधी पोट बघणाऱ्या बाई

बाईंकडे कोणतंही लहान मूल आलं, की आधी त्याच्या पोटावर हात जायचा. मूल खोकल्यासाठी आलेलं असो, देवीची लस टोचायला आलेलं असो, नाहीतर नुसतंच आईचा पदर धरून आलेलं असो. बाई हात चोळून ऊब आणायच्या, मुलाला बाकावर निजवायच्या आणि गप्पा मारत दोन्ही कुशी चाचपायच्या. मग तोंड खिडकीकडे करून डोळे, हिरड्या, मान बघायच्या. एवढं झाल्यावर विचारायच्या, "हं, काय होतंय?" सोनईच्या बाजूला असलेल्या आमच्या सरकारी दवाखान्यात त्या थोरल्या नर्स होत्या आणि मी नुकतीच नोकरीला लागलेली. माणसं आपसांत त्यांना 'पोटबाई' म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

मला सुरुवातीला हे सगळं फुकट वेळ घालवणं वाटे. बाहेर रांग उन्हात उभी असायची. एकदा मी तसं बोलून दाखवलं. बाई बाटल्या पुसत होत्या. म्हणाल्या, "आधीच्या गावी एका मुलाचं पोट वाढत होतं. मी तीन महिने त्याला जंतांचं औषध देत राहिले. त्याची आई सांगत होती, बाई, पोट एकाच बाजूनं वाढतंय. मी तिला म्हटलं, तुला काय कळतं." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या कुठल्याच आईचं बोलणं मध्ये तोडत नसत, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जाणारी एक बाई आपल्या तीन वर्षांच्या नंदीला घेऊन आली. मुलीच्या बोटांना खरूज झाली होती. बाईंचा हात डाव्या कुशीवर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी डॉक्टरसाहेबांना बोलावलं. साहेबांनी एकदाच, अगदी हलक्या हातानं पाहिलं. मग बाई मुलीच्या आईला म्हणाल्या, "हिच्या पोटाला आता कुणी हात लावायचा नाही. चोळायचं नाही, दाबायचं नाही, तेलही लावायचं नाही." मूत्रपिंडावर कॅन्सरची गाठ होती, दाबली तर फुटून पसरण्यासारखी, आणि मुंबईला नेऊन ती काढणं भाग होतं.

नंदीचे आजोबा ऐकेनात. बाई मला घेऊन त्यांच्या वस्तीवर गेल्या. नंदी अंगणात शेळीच्या मागं पळत होती.

"जेवतीय, खेळतीय," आजोबा म्हणाले. "दुखत न्हाई, खुपत न्हाई. मग कापायचं कशापायी?"

"दुखत नाही म्हणूनच भीती वाटते, बाबा. दुखलं असतं तर तुम्हीच घेऊन आला असतात."

"बरी हुईल का?"

"ते मी सांगू शकत नाही. आत्ता नेली तर होण्यासारखी आहे. दोन महिन्यांनी नेली तर मी हेही म्हणणार नाही."

म्हाताऱ्यानं नंदीला हाक मारून जवळ घेतलं. मग म्हणाला, "आमी ममई बघितली न्हाई. तुमी येताल का संगं?"

"येते," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला.

नंदीचं ते मूत्रपिंड काढलं. गाठ पुन्हा वाढू नये म्हणून विजेचे शेक झाले, औषधाच्या सुया झाल्या. केस गळणार हे बाईंनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती घाबरून मुलीला मध्येच परत घेऊन आली नाही. नंदी गावी आली तेव्हा डोक्यावर नुकती लव फुटली होती. ती पुढे चांगली वाढली.

दत्तूचं तसं झालं नाही. तो सहा वर्षांचा होता. त्याचा ताप हटत नव्हता, आणि पायांवर काळेनिळे डाग उठले होते. त्याची आई काशीबाई आल्या आल्या म्हणाली, "बाई, मी पोराला मारलं न्हाई. शेजारीण म्हणती मीच मारते. त्यो पडलाबी न्हाई."

"तू मारलं नाहीस, हे मला दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी पापणी उलटून पाहिली. आत पांढरंफटक होतं. नगरला रक्त तपासलं, मग मुंबई झाली. रक्ताचा कॅन्सर होता. औषधानं तो उठून बसला, शाळेतही जाऊ लागला. आठ महिन्यांनी ताप परत आला आणि या खेपेला औषध लागू पडलं नाही. काशीबाईनं एकच विचारलं, "मी उशीर केला का?"

"नाही. तू वेळेत आणलंस. याचं पुरं औषधच अजून कुणाला सापडलेलं नाही."

त्यानंतर बाई रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जात. दत्तूचं तोंड आलेलं असे, ते मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसानं पुसत आणि त्याला जवळ घेऊन बसत. थंडी सरता सरता तो गेला. दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला कामावर आल्या.

वर्षभरात त्यांची राहात्याकडे बदली झाली. त्या गेल्यावर दोनेक महिन्यांनी काशीबाई दवाखान्यात आली. बरोबर शेजारच्या वाडीवरची एक तरणी पोर होती, तिच्या कडेवर वर्षाचं मूल.

"ह्याचा डोळा बघा," काशीबाई म्हणाली. "उजेड पडला की मांजरावानी पांढरा चमकतोय. ही म्हणती नजर लागली. बाईंनी मला सांगितलं हुतं, असं दिसलं तर थांबायचं न्हाई. मीच वढून आणली."

मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि साहेबांना बोलावलं. त्याच आठवड्यात मुलाला मुंबईला पाठवलं. डोळ्यात कॅन्सरची गाठ होती, तो डोळा काढावा लागला. दुसरा चांगला राहिला, मूल वाचलं.

मी बाईंना पत्रानं कळवलं. त्यांचं कार्ड आलं, त्यात दोनच ओळी होत्या: वेळेत नेलं हे बरं झालं. काशीबाईंना माझा नमस्कार सांग.

मी कार्ड घेऊन तिच्याकडे गेले. ती चुलीपुढे होती. मी वाचून दाखवलं.

"नमस्कार? मला?" तिनं विचारलं. "परत वाचा बरं."

मी परत वाचलं. तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि कार्ड मागून घेतलं.