डोक्याकडची माती

कबरी खणणाऱ्या त्या माणसाला अख्खं गाव मामा म्हणायचं. स्वभाव गोड, तोंडात साखर. कुणी अंथरूण धरलं की विचारपूस करायला हा पहिला दारात. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. आपली काळजी घेतोय की मोजमाप, असा प्रश्न एकालाही पडला नाही, कारण माणसं मुळात आंधळी असतात.

नदीपलीकडे डॉक्टर तयार करायची शाळा निघाली होती. माणूस आतून कसा असतो हे शिकायला तिथं मुडदे लागायचे आणि ते मामा पुरवायचा. त्याची रीत ठरलेली. अख्खी कबर उकरायची नाही. फक्त डोक्याकडची माती काढायची, पेटीचं झाकण छातीपर्यंत पहारीनं मोडायचं, काखेत दोर घालून मुडदा वर ओढायचा. कफन मात्र घडी घालून आत ठेवायचं. कापड चोरलं तर तुरुंग होता. मुडदा कायद्यानं कुणाच्याच मालकीचा नव्हता. मग माती सारखी करायची. पुढचं काम गाडीवानाचं.

एकदा लोहाराच्या आईची कबर खचली आणि आत नुसतं घडी घातलेलं कफन निघालं. गाव पिसाळलं. कबरस्तानाच्या भिंतीशी एक मुका भिकारी झोपायचा. पुरावा नाही, चौकशी नाही. लोहारानं आणि चार जणांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. मामानं त्याची कबर खणली, आणि नंतर त्यालाही उपसून शाळेत पोचवलं. अशा माणसाला निर्लज्ज म्हणणं म्हणजे त्या शब्दाचाच अपमान.

हा लोहार मामाचा जावई. मामाची एकुलती एक लेक त्याला दिलेली. ती बाळंतपणात गेली आणि मूल पोटातच राहिलं. मामानं तिची कबर स्वतः खणली, पेटी उतरवली. सगळे घरी गेल्यावर तो माती लोटत होता, तेव्हा गाडीवान जवळ येऊन उभा राहिला.

"मामा, वाईट वाटून घेऊ नकोस," तो हळूच म्हणाला. "पण मोठे डॉक्टर कधीपासून अशीच मागतायत. पोटुशी."

मामानं फावडं फिरवलं. गाडीवानाचा ओठ फाटला आणि पुढचे दात मातीत पडले. तो रक्त थुंकत उठला.

"फावडं काय तुला एकट्यालाच चालवता येतं? अंधार पडू दे, मग बघ."

मामा अर्धी कबर तशीच टाकून लोहाराच्या भट्टीकडे धावला. डोळे सुजेपर्यंत रडलेला जावई नुसताच तापलेलं लोखंड बडवत बसला होता.

"जावईबापू, जाड सळया घे. पोरीच्या पेटीवर जाळी ठोकू. चोर येणारेत."

"अख्ख्या पेटीवर घालायला एवढं लोखंड कुठून आणू, मामा?"

"अख्खी कशाला? पायाकडं कुणी हात लावत नाही. डोक्यापासून छातीपर्यंत झाकलं की बास. झाकण तेवढंच मोडतात."

हातोडा थांबला. इतकी वर्षं जिभेवर ठेवलेला ताबा लेकीच्या काळजीनं सुटला होता.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" लोहारानं विचारलं.

लोहार उठून त्याच्यासमोर आला.

"माझी आई कुठंय?"

"शाळेत नेली."

"चिरली?"

"चिरली."

"आणि तो मुका?"

"त्याचा काही दोष नव्हता," मामा म्हणाला. लोहारानं त्याचं मनगट धरलं, ऐरणीवर आडवं ठेवलं आणि घाव घातला. हाडांचा चुरा झाला. मामा गुडघ्यावर आला, ओरडला, ओकला. लोहारानं हातोडा पुन्हा उचलला, या वेळी मामाच्या डोक्यावर.

"मार," मामा म्हणाला. "मी नाही म्हणत नाही. पण आधी जाळी घाल. मी मेलो तर ती कुठं नि कशी ठोकायची, ते तुला कोण दाखवणार?"

लोहारानं हातोडा खाली घेतला. दया वगैरे काही नव्हती. "चल," तो म्हणाला. "जाळी झाली की तुझ्याकडं बघतो, थेरड्या."

लोटलेली माती पुन्हा उपसून दुपारभर लोहार खड्ड्यात सळया ठोकत होता आणि मामा काठावरून डाव्या हातानं जागा दाखवत होता. उजवा हात पोटाशी नुसता लोंबत होता. मध्येच लोहार पाणी प्यायला लांब गेला. फाटक उघडं होतं, रस्ता रिकामा होता. मामाला पळायचं सुचलं, नाही असं नाही. पण तो कबरीत उतरला आणि एकेक सळई पायानं दाबून बघू लागला.

"खांद्यापाशी ढिली आहे," लोहार परतल्यावर तो म्हणाला. "अजून एक घाल."

लोहारानं ती घातली. मग माती लोटली, तुडवली.

"झालं?"

ऊन अजून होतं. आणखी एक सळई, आणखी थोडी माती, असं सांगून मामाला संध्याकाळ गाठता आली असती. मेलेल्यांच्या घरच्यांशी तो जन्मभर खोटंच बोलत आला होता, त्यात एकाची भर पडली असती, एवढंच. पण संध्याकाळ झाली की गाडीवान येणार होता, आणि तेव्हा इथं लोहार हवा होता, त्याचे दोन्ही हात मोकळे हवे होते.

"झालं," मामा म्हणाला.

तो उठला आणि लेकीच्या पायाकडे जाऊन बसला. तिच्या डोक्याकडे रक्त उडायला नको होतं. लोहारानं हातोडा उचलला.