दोन खुंट्यांमधली लवण

शकुन गंधे १९६१ साली अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर, म्हणजे नकाशे उतरवणारी, म्हणून लागली. शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालण्याचं काम त्या कचेरीकडे होतं. शकुनचे वडील अमरावतीला शाळामास्तर. तिथल्या ड्राफ्ट्समनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती.

तिच्या टेबलावर नुसते आकडे यायचे. शिवारात दर शंभर फुटांवर खुंटी ठोकून मोजलेल्या उंच्या. एका खुंटीशी सत्त्याण्णव फूट, पुढच्या खुंटीशी नव्व्याण्णव. मग अठ्ठ्याण्णव बरोबर मध्ये धरायचं, ठिपका द्यायचा. सारख्या उंचीचे ठिपके जोडले की कंटूरची रेषा तयार. बांध त्याच रेषेवर पडायचा.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये पातूरकडच्या शेतकरी रुख्मिणीबाई कचेरीत आल्या. सगळ्या टेबलांवरून फिरून शेवटी शकुनपाशी थांबल्या.

"बाई, तुमच्या माणसायनं चुन्याची लाईन मारली, तिथूनच पाणी जाते. बांध टिकत नाई तिथं."

शकुननं नकाशा पसरला. "इथे तर उतार एकसारखा आहे."

"कागदावर असन. मी वीस वर्सं त्या वावरात राबून राहिली. लवण आहे तिथं, खोलगट जागा, पावसात पाणी धरते. नांगरून नांगरून बुजली म्हणून उन्हाळ्यात दिसत नाई."

शकुननं सगळी गणितं पुन्हा केली. एकही चूक निघाली नाही. मग तिच्या ध्यानात आलं की दोन खुंट्यांच्या मधली जमीन कोणी मोजलीच नव्हती. तिथे सरळ उतार आहे, हे ती टेबलाशी बसून धरून चालली होती.

ती कचेरीचे प्रमुख काळमेघ साहेबांकडे गेली आणि ते वावर पुन्हा मोजायला हवं म्हणाली.

"आकडे चूक आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आकडे कमी आहेत."

"ट्रेसरनं ट्रेस करावं. मोजणी तुमचं काम नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं लेखी अर्ज दिला. उत्तर आलं नाही. रोज दहा वाजता ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून अर्जाचं विचारायची आणि जागेवर परत यायची. नवव्या दिवशी साहेबांनी सही केली. "रविवारी जा. भत्ता मिळणार नाही."

सहदेव हा कचेरीतला मोजणीचा जुना माणूस. मोजणीची दुर्बीण खांद्यावर घेऊन तो पातूरच्या बसमध्ये तिच्यासोबत बसला. वावरात त्यानं मापाची उंच पट्टी दर वीस फुटांवर धरली आणि शकुननं दुर्बिणीतून आकडे वाचले. दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. सुरुवातीला दोनदा चुकली, मग हात बसला. मधल्या जागी पट्टीवरचा आकडा एकदम वाढला, म्हणजे जमीन खाली गेली होती. दोन फूट. पुढे तीच खोली तिरकी उतरत गेलेली सापडली. रुख्मिणीबाई वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून पाहत होत्या.

"भेटली का?"

"भेटली."

नव्या नकाशात रेषा लवणीपाशी वर वळली. बांध सरकला, लवणीवर जादा पाणी वाहून जायला दगडी सांडवा बसला. साहेबांनी सही केली. अशी बुजलेली लवण असण्याची शंका असलेली आणखी अकरा शिवारं शकुननं लिहून दिली होती. ती यादी मात्र त्यांनी बाजूला ठेवली.

ऑगस्टमध्ये रुख्मिणीबाईंचा बांध टिकला. यादीतल्या तेल्हाऱ्याकडच्या दोन शिवारांतले बांध फुटले. शकुनला त्याचा फार राग आला, आणि तिनं तो साहेबांना स्पष्ट बोलून दाखवला.

"कुठून सुरुवात करायची?" साहेबांनी विचारलं.

"तेल्हाऱ्याकडून," ती म्हणाली. "आणि आधी शेतकऱ्यांना विचारून."

त्या हिवाळ्यात तिनं अकराही शिवारं पायी पालथी घातली.