मावसाजींचा जहागीरदार

एका मेलेल्या माणसाचा कैवार माझ्या मावसाजींइतका अख्ख्या झाडीपट्टीत कोणी घेतला नसेल. मेलेला माणूस म्हणजे कादंबरीतला जहागीरदार. दिवसा तळघरात निजायचा, अंधार पडला की उठून लोकांचं रक्त प्यायचा आणि ऊन अंगावर पडलं की संपलाच! त्याचे चार भाग नागपुराहून रेल्वेने वडशाला आले. मालगुजारी नुकतीच गेली होती, पण मावसाजींच्या घरी हा जहागीरदार मुक्कामाला आला तो आलाच.

मावसाजी ढिवर, चौथी पास. ओसरीत बसून मासे धरायची जाळी विणायचे. पायाच्या अंगठ्यात दोर, मांडीवर पुस्तक. भीतीचं पान आलं की हात आवळायचे आणि जाळ्याची घरं इतकी बारीक व्हायची की तलावातलं पाणीसुद्धा गाळून निघावं. गिऱ्हाईक आधी विचारी, "भाऊ, हे कोणत्या भागातलं हाये?" दुसऱ्या भागातलं जाळं कोणी घेत नसे, त्या भागात सात खून होते. मावसाजींना मात्र मरणाऱ्यांपेक्षा मारणाऱ्याचीच काळजी. "आपल्या धानोऱ्याकडं आला ना बाबू, त आठ दिवसांत हिवतापानं कापत बसन. इथी कोनाचं रक्त चांगलं हाये?"

आता खरं सांगतो. जहागीरदार रक्त प्यायचा तो मेलेली बायको सापडेपर्यंत टिकून राहावं म्हणून. चौथ्या भागाच्या शेवटी तो एका बंद दारापाशी येतो, आतून तिच्या बांगड्या वाजतात, आणि पुस्तक संपतं. पहिला भाग आला त्याच साली माझी मावशी गेली होती. पोरबाळ नव्हतं. पाट लाव, दुसरी बायको कर म्हणून सगे मागे लागले, की मावसाजी म्हणायचे, "पाचवा भाग येऊ द्या, मंग पाहू." आम्ही हसायचो. मीही हसायचो, मेल्या अकलेचा.

पाचवा भाग आलाच नाही. आलं ते नाटक. हिवाळ्यात वडशाच्या एका मंडळीने ती गोष्ट रंगभूमीवर आणली आणि आम्ही बैलगाडीने गेलो. जहागीरदार मान धरायच्या आधी पद म्हणायचा. "एवढं गाईपर्यंत त्या मानसाचं रक्त गोठून जाईन ना," मावसाजी कुरकुरले. आमच्याकडची नाटकं उजाडेपर्यंत चालतात, हे मंडळी विसरली असावी. सूर्य वर आला, ऊन थेट जहागीरदाराच्या तोंडावर पडलं, आणि तो वन्समोर घेऊन पुन्हा तेच पद गाऊ लागला. मावसाजी कासावीस झाले. "अरे, पडदा तरी ओढा कोनी. मरन ना तो."

तो मेला नाही. त्याचं दिवाणाच्या मुलीशी लग्न लागलं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे प्रेक्षकांनाही अक्षता वाटल्या. सगळ्यांनी टाकल्या. मावसाजी मूठ आवळून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ते दाराआड उभी हाये ना. तिले काय सांगाचं?" आजूबाजूचे खो खो हसले. मी हात ओढून त्यांना खाली बसवलं. त्या ओढण्याची मला अजून लाज वाटते.

त्या अक्षता त्यांनी मुठीतच घरी आणल्या आणि मावशीच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवल्या. पाट लावला नाही, पुस्तकही पुन्हा उघडलं नाही. जाळी मात्र विणत राहिले, पण घरं अशी मोठी की हातभर मासासुद्धा आरामात निघून जावा. गिऱ्हाईक तुटलं. एकदा तलावावर त्यांच्या जाळ्यातून माझ्या डोळ्यांदेखत एक मोठा मरळ सटकला. मी म्हटलं, "मावसाजी, असं काऊन विनून राह्यले?"

ते पाण्याकडे बघत होते. "जाऊ दे बाबू," म्हणाले, "त्याची घरी वाट पाहून राह्यली असन."

मी रिकामं जाळं ओढून घेतलं.